वजन उतरवणाऱ्या रोजच्या सवयी: आपल्या बेळगावकडच्या घरातली मापं

वजन कमी करायचं ठरलं की आपल्या भागात आधी भाकरी बंद होते, मग भात. महिन्याभरात दोन्ही परत येतात, आणि येताना दुपटीनं येतात. म्हणून हे निमंत्रण. किती किलो उतरलं ते इथं नको. तुम्ही ज्या कामात आहात त्यातलं पक्कं ठाऊक असलेलं माप, वेळ, कृती लिहा. काय चुकतं आणि का चुकतं तेही लिहा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कुठूनही लिहा. बाहेरचे पदार्थ आणले तर चार दिवस टिकतात, म्हणून ताट आपलंच धरूया: जोंधळ्याची भाकरी, उसळ, आमटी-भात, शेंगाची चटणी, ताक.

आहारतज्ज्ञ, टिळकवाडी

भाकरीपासूनच सुरुवात करते. १०० ग्रॅम जोंधळ्याच्या पिठात साधारण ३४० कॅलरी असतात. शहरातल्या घरी थापलेली मध्यम भाकरी ५०-६० ग्रॅम पिठाची, म्हणजे २०० कॅलरीच्या आसपास. खेड्यातली मोठी भाकरी ९०-१०० ग्रॅमला सहज जाते. दोघी जणी ‘मी दोनच खाते’ म्हणतात तेव्हा दोघींच्या पोटात गेलेल्या पिठात निम्म्या-दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून भाकऱ्या मोजायच्या आधी पीठ मोजा. एकदा काट्यावर ६० ग्रॅम पीठ घ्यायचं, ते घरातल्या कुठल्या वाटीत कुठवर येतं ते बघायचं आणि ती वाटी पिठाच्या डब्यातच ठेवायची. पुढं काटा लागत नाही.

दुसरी गोष्ट वाढण्याची. तव्यावरची गरम भाकरी ताटात पडते, भाजी अजून शेगडीवर असते, आणि तोवर चटणी-तेलाशी अर्धी भाकरी संपते. मग भाजी आली की तिच्यासाठी पुन्हा भाकरी. स्वयंपाकाचा क्रम उलटा केला की हे आपोआप थांबतं. भाजी, उसळ, काकडी-मुळा-कांद्याची कोशिंबीर ताटात आधी, तवा त्यानंतर. कोशिंबीर आणि उसळीचे आठ-दहा घास पोटात गेल्यावर भाकरीचा वेग उतरतो.

भाकरी झाल्यावरचा ‘थोडासा भात’ मोजून बघा. शिजलेल्या भाताची दाबून भरलेली वाटी दीडशे ग्रॅमची धरली तर ती पुन्हा एका भाकरीएवढी होते. बेळगाव बासमती असो की इंद्रायणी, वासात फरक आहे, कॅलरीत नाही. दोन्ही हवं असेल तर एक भाकरी आणि एक वाटी भात. दोन भाकऱ्या हव्या असतील तर भाताऐवजी आमटी वाटीत घेऊन प्यायची.

तिसरं म्हणजे प्रथिनं. वजन उतरताना ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि अंग गळून येतं. मटकी, हुलगे (कुळीथ), अळसंदे (चवळी), मूग यांपैकी एक रोज, कोरडी ३५-४० ग्रॅम मोजून. त्यातून ८-९ ग्रॅम प्रथिनं मिळतात. बाकीची भर दही, ताक, अंडी, मासे, वरण यांतून. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात.

गिरणचालक, अनगोळ

अक्कांनी पिठाचं सांगितलंच आहे, मी दळणाचं सांगतो. जोंधळ्याचं पीठ आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त दिवसांचं दळू नका. शिळ्या पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना कडेनं फुटते. मग हात आपोआप तांदळाच्या पिठाकडं किंवा मैद्याकडं जातो, आणि जोंधळ्याची म्हणून खाल्लेली भाकरी निम्मी तांदळाची निघते. पीठ फुटत असेल तर उकळतं पाणी घाला. एक वाटी पिठाला पाऊण वाटीच्या आसपास, आधी उलथन्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहातानं चार-पाच मिनिटं मळायचं. गरम पाण्यानं पीठ धरतं.

आणि बारीक चाळणीनं चाळून कोंडा टाकू नका. गिऱ्हाईक ‘मऊसूत दळा’ म्हणून सांगतं, घरी जाऊन वर चाळतं. पोट भरल्यासारखं वाटतं ते त्या कोंड्यामुळंच. खानापूरकडची नाचणी मिसळायची असेल तर तीन भाग जोंधळा, एक भाग नाचणी. नाचणी जास्त झाली की भाकरी गार झाल्यावर वातड होते आणि घरातली पोरं दुसऱ्या दिवशी ताट सरकवतात.

गृहिणी, खानापूर

तेलावर लिहिते, कारण सगळा हिशेब तिथंच बिघडतो. चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४० कॅलरी. तेलाच्या बुधल्यातली पळी मात्र एका वेळी चार-पाच चमचे टाकते. तुमची पळी पाण्यानं भरून चहाच्या चमच्यानं मोजून बघा, एकदाच. माणशी रोज चार-पाच चमचे धरले, पोळीचं, फोडणीचं, चटणीवरचं सगळं मिळून, तर चार माणसांच्या घराला महिन्याला अडीच-पावणेतीन लिटर लागतं. महिन्याला पाच लिटरचा डबा रिकामा होत असेल तर कोण किती खातंय हे वेगळं शोधायला नको.

करायचं असं: महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढायचं आणि बरणीवर आठवड्याच्या चार खुणा करायच्या. पहिल्या महिन्यात तिसऱ्या आठवड्यालाच बरणी संपते, तसं झालं तर घाबरू नका, पुढच्या महिन्यात हात आवरतो.

कमी तेलात फोडणी करपते ही सगळ्यांची तक्रार. कारण असं की दोन चमचे तेल कढईत पसरून पातळ होतं आणि मोहरी तेलात बुडतच नाही, कोरड्या लोखंडावर जळते. कढई एका बाजूला कलती धरा. तेल एका कोपऱ्यात साचतं, मोहरी त्यात बुडते, तडतडते. मग जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि कढई सरळ करून कांदा. कांद्यावर लगेच मीठ, झाकण, दोन मिनिटं. कांदा स्वतःच्या पाण्यातच मऊ होतो. खाली लागायला लागला तर तेल नाही, दोन चमचे पाणी. वाटणाचा कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर कोरडंच भाजा. खोबऱ्याला स्वतःचं तेल सुटतं, त्यात वरून तेल घालायचं कारणच नाही.

शेंगाच्या चटणीचंही तसंच. चटणी दाण्याची, वरून तेलाची धार, आणि एका जेवणात तीन चमचे. चटणी हवीच, पण एक चमचा, आणि तेलाऐवजी दह्यात कालवून. कारळाची चटणीही दह्याबरोबर छान लागते.

वाचकाचा प्रश्न, वडगाव

रात्री फक्त फळं खाल्ली तर लवकर उतरेल का?

आहारतज्ज्ञ, टिळकवाडी

नाही टिकत. रात्री आठला दोन केळी आणि पपई खाल्ली की साडेदहाला भूक लागते, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात हाताशी असतो तो फरसाण. रात्री एक भाकरी, वाटीभर उसळ, भरपूर भाजी, साडेसात-आठपर्यंत. मग दहा-पंधरा मिनिटं शतपावली. जेवणानंतर चालल्यानं रक्तातली साखर एकदम चढत नाही, मधुमेहाच्या काठावर असलेल्यांना याचा विशेष उपयोग.

फिजिओथेरपिस्ट, शहापूर

चालण्याबद्दल. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात किंवा किल्ला तलावाच्या कडेनं चालणारे पुष्कळ आहेत, पण बरेच जण गप्पांच्या वेगानं चालतात. खूण सोपी आहे: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. हा वेग आठवड्याला निदान १५० मिनिटं. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. वजन उतरवायचं असेल तर हळूहळू २५०-३०० मिनिटांकडं जायचं, दर आठवड्याला रोजच्या चालण्यात पाचच मिनिटं वाढवत. सत्तर किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या झपाझप चालण्यात दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. परतताना गाड्यावर एक बटाटेवडा खाल्ला तर तो हिशेब तिथंच मिटतो. हे चालणाऱ्यांना नाउमेद करायला सांगत नाही. चालण्यानं साखर, रक्तदाब, झोप सगळं सुधारतं. पण वजनाचा काटा मुख्यतः ताटावरच हलतो.

गुडघे दुखत असतील तर राजहंसगडाचा चढ पहिल्या महिन्यात नको. चढताना दम लागतो, पण गुडघ्याला मार बसतो तो उतरताना. आधी मांडीचे स्नायू तयार करा: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसताना धपकन नाही, मनात तीन मोजत हळू बसायचं. पंधरा दिवसांत दहाचे पंधरा करा. गुडघा दुखला तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस असतो आणि दरवर्षी सवय तिथंच मोडते. म्हणून मे महिन्यातच घरातला पर्याय ठरवून ठेवा. जिना असेल तर दहा मिनिटं जिना, जागच्या जागी दहा मिनिटं चालणं, खुर्चीचा व्यायाम, सहा-आठ सूर्यनमस्कार. वेळ तीच, सकाळची. वेळ बदलली की सवय सुटते, व्यायाम बदलला तर सुटत नाही.

कारखान्यातला पाळी कामगार, उद्यमबाग

रात्रपाळीवाल्यांसाठी लिहितो. पाळीत तीन ठिकाणी चुकतं. पहिलं, घरून नऊ वाजता पूर्ण जेवण आणि पुन्हा दोन वाजता कॅन्टीनचं पूर्ण जेवण. घरचं जेवण धरा, दोन वाजता डब्यातली वाटीभर मटकी, एक काकडी आणि ताक. चिरमुरे न्यायचे तर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून, मूठभर दाणे मोजून. चिरमुरे हलके म्हणून शेव-फरसाण ओतलं की ते हलके राहत नाहीत. दुसरं, चहा. पाळीत पाच चहा, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. एका दमात बिनसाखरेचा चहा कुणी पीत नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्यानं दोनाचा शून्य होतो आणि जिभेला कळतही नाही. शेवटचा चहा पहाटे तीनच्या आत, नाहीतर सकाळची झोप जाते. तिसरं म्हणजे झोप. घरी आल्यावर खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत, सहा-सात तास. झोप अपुरी झाली की दिवसभर गोड आणि तळलेलंच हवंसं वाटतं.

शेतकरी, कडोली

एक मुद्दा. बैल गेले, पॉवर टिलर आला, पाणी मोटरीनं यायला लागलं. राबणं निम्म्यावर आलं, न्याहारी मात्र तीच राहिली, दोन भाकऱ्या आणि वर दही-चटणी. भांगलणी, काढणी, ऊसतोड असेल त्या दिवशी तेवढं खावंच लागतंय. नुसतं पाणी सोडून बांधावर बसायचं त्या दिवशी एक भाकरी पुरते की.

उपवासाबद्दल, निपाणीहून एक वैनी

श्रावणात आणि एकादशीला वजन वाढतं ते साबुदाण्यानं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा. बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी बाजारात येतात तेव्हा तीच घ्या. १५० ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात १३० कॅलरी. उकडताना सालासकट, अख्खी, थोड्या पाण्यात. चिरून उकडली तर पाणचट होतात आणि मग गूळ-तूप लागतं. बरोबर एक वाटी दही. वरी करायची तर अर्धी वाटी कोरडी दोघांत, दाण्याची आमटी पातळ. आणि उपवास सोडताना पुरणपोळी किंवा शिऱ्याचा ढीग नको, नेहमीचं ताट.

जत्रा आणि लग्नं, चिकोडीहून

जत्रेत मटण सोडा असं कुणी सांगू नये, कुणी ऐकणारही नाही. रश्शावरचा तेलाचा तवंग पळीनं बाजूला सारून खालचा रस्सा वाढून घ्या, फोडी दोन जास्त, वडे दोन कमी. पाहुण्यांकडं एका दिवसात तीन घरं असतील तर एकाच घरी जेवा. बाकीच्या दोन ठिकाणी पानसुपारी, ताक. आग्रह करणाऱ्या मावशी-काकूंना आधीच फोन करून सांगितलं तर त्यांना राग येत नाही. पानावर बसल्यावर नको म्हटलं तर येतो. कुंदा आणि करदंट घरी डब्यात ठेवू नका. पाहुण्यांनी आणला तर त्याच दिवशी चमचा-चमचा सगळ्यांत वाटून डबा रिकामा करा.

परिचारिका, सरकारी दवाखान्यातल्या अनुभवावरून

मापाचं आणि सावधगिरीचं. कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८० च्या वर असेल तर पोटावरची चरबी धोक्याची. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कंबरेच्या हाडाच्या मधोमध, श्वास सोडून, साडीच्या निऱ्यांवरून नाही.

आठवड्याला अर्धा किलो पुरे. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात त्यात बहुतेक पाणीच असतं, आणि तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला की लोक सोडून देतात. बायकांचं पाळीच्या आधी एक-दीड किलो वाढतं तेही पाणीच, म्हणून महिन्याच्या त्याच दिवसांशी तुलना करावी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारायचंच. जेवण अर्धं आणि औषध पूर्ण, असं झालं की साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवायच्या मागं लागू नये. सगळं नीट पाळूनही दोन-तीन महिने काटा हलत नसेल, थकवा असेल, केस गळत असतील तर थायरॉईडची तपासणी करून घ्या.

वाचकाचा प्रश्न, हिंडलगा

घरच्या काट्यावर रोज वेगळंच वजन दिसतं, एका दिवसात दीड किलोचा फरक. काटा बिघडला असेल का?

परिचारिका

आधी काटा कुठं ठेवलाय ते बघा. चटईवर किंवा पायपुसण्यावर असेल तर चुकीचं दाखवणारच. सपाट फरशीवर, भिंतीपासून दूर, रोज त्याच फरशीवर ठेवा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत उभं राहा. आदल्या रात्री लोणचं, पापड, खारट रस्सा झाला असेल तर किलोभर जास्त दिसेल, ते पाणी दोन दिवसांत जातं. सात दिवसांचे आकडे लिहून त्यांची सरासरी काढा आणि दर रविवारी फक्त ती सरासरी मागच्या रविवारशी ताडून बघा.