मेक्सिकोतील ‘मृतांचा दिवस’ पाहण्यासाठी कोठे जावे?

विचारणा:
मार्चमध्ये आई गेली. मेक्सिकोतला मृतांचा सण एकदा पाहायचा, असे ती नेहमी म्हणे, म्हणून ऑक्टोबरअखेरीस बाबांना घेऊन तिकडे जाण्याचा विचार आहे. हाताशी सहा दिवस आहेत आणि बाबांचे गुडघे दुखतात. राजधानीतील मिरवणूक, पात्स्क्वारो सरोवरातील जानित्सिओ बेट आणि वाहाका शहर यांपैकी कोठे जावे, तसेच आईचा फोटो तेथे ठेवता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर:
आपण वाहाकालाच जावे. राजधानीतील मोठी मिरवणूक एका जेम्स बाँडपटातील दृश्यावरून सुचली आणि २०१६ मध्ये सुरू झाली; ती देखणी असते, पण आपण ज्या कारणासाठी निघाला आहात ते तेथे साधणार नाही. जानित्सिओला होडीने जावे लागते, वर चढणीच्या पायऱ्या आहेत आणि रात्री थंडी फार, तेव्हा बाबांसाठी ते नकोच.

वाहाकाजवळच्या होहोकोत्लान गावच्या दफनभूमीत ३१ ऑक्टोबरच्या रात्री घरची माणसे थडगी झेंडूने आणि मेणबत्त्यांनी सजवून आपल्या माणसांपाशी बसून राहतात. १ नोव्हेंबर बालमृतांचा आणि २ नोव्हेंबर मोठ्यांचा मानतात. फोटो काढण्यापूर्वी त्या कुटुंबाला अवश्य विचारावे, कारण तो त्यांचा घरचा प्रसंग असतो.

आईचा फोटो ठेवण्यासाठी मात्र दफनभूमीपेक्षा घर बरे. मी एका कुटुंबाकडे उतरलो होतो. त्यांच्या ‘ओफ्रेंदा’वर, म्हणजे मृतांसाठी मांडलेल्या वेदीवर, पाण्याचा पेला, मीठ, पाव आणि कोपाल धूप होता, आणि दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली होती, त्या वासावरून आत्म्यांना घर सापडते, अशी समजूत आहे. मी संकोचत आजोबांचा फोटो पुढे केला, तेव्हा घरच्या आजींनी त्यांना काय आवडे ते विचारले आणि लगेच भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. आपल्याकडे श्राद्धाच्या पानात गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ वाढतात, त्याची मला त्या क्षणी फार तीव्रतेने आठवण झाली.

म्हणून एखाद्या घरगुती मुक्कामाची खोली आताच राखून ठेवावी आणि फोटोबद्दल आधीच विचारावे. या दिवसांत खोल्या कित्येक महिने आधी भरतात.

पुढील प्रश्न:
मनापासून आभार. आईला झेंडूची हौस होती. फुले इथूनच न्यावीत का?

उत्तर:
फुले नेऊ नयेत. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मूळचा तिकडचाच आहे, आणि वाहाकाच्या आबास्तोस बाजारात त्या आठवड्यात त्याचे ढीग लागलेले असतात. बाबांना सकाळी लवकर घेऊन जा, म्हणजे त्यांना निवांतपणे निवडता येतील.