मदत हवी आहे: जुनी स्पीडबोट 44 मैलांपुढे जात नाही

मंडळी, जुनी 21 फुटी स्पीडबोट घेतलीय, मागे 200 एचपीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावलेलं इंजिन). गोव्यात पणजीसमोर बेतीला बांधतो, वेग बघायचा तर मांडवीच्या मुखाबाहेर नेतो, नदीत फेरीबोटी असतात. तळाचं शेवाळ-शिंपले खरवडले, तरी जीपीएसवर ताशी 44 मैलच. फुल थ्रॉटलला आरपीएम 5200, इंजिनाची हद्द 5800. प्रॉप (पाण्यातला पंखा) 21 पिच, म्हणजे एका फेरीत हिशेबाने 21 इंच पुढे; गिअर रेशो 1.86, म्हणजे इंजिनाच्या 1.86 फेऱ्यांना प्रॉपची एक; हिशेबाने ताशी साडेपंचावन्न मैल यायला हवेत. म्हणजे स्लिप (हिशेबाचा वेग आणि खरा वेग यातली तूट) वीस टक्क्यांवर! विकणारा म्हणाला होता, 'साठ सहज'. असो.

19 पिचने आरपीएम तीन-चारशे चढेल, पण माझा संशय इंजिनाच्या उंचीवर: पळतानाही प्रॉपवरची आडवी प्लेट पूर्ण बुडालेली दिसते, म्हणजे इंजिन फार खाली असावं. ट्रिम (इंजिनाचा कल) वाढवला की बोटीचं नाक आपटायला लागतं. आधी इंजिन बोल्टच्या एका भोकाने वर घेऊ की प्रॉप बदलू? पणजी-वास्कोकडे ट्रायलला प्रॉप देणारं कुणी आहे का?