'गेट'चा एकच अर्थ पाठ करून भागत नाही

इंग्रजी 'गेट' म्हणजे 'ओब्तेनेर' (स्पॅनिशमध्ये 'मिळवणं') एवढं पाठ केलं की स्पॅनिश भाषकाचं काम भागतं, असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं. वस्तू मिळवण्यापुरतं ठीक. पंचाईत होते ती 'गेट अँग्री', 'गेट वेट', 'गेट लॉस्ट'पाशी. स्पॅनिशमध्ये तिथे मिळणं-बिळणं नसतंच, क्रियापदाला 'से' जोडला की झालं: एनफादार्से, मोखार्से, पेर्देर्से. आपलं रागावणं, भिजणं, हरवणं तसंच की. शिवाय 'कासार्से कोन'च्या (लग्न करणं, 'कोन' म्हणजे 'विथ') सवयीने 'गेट मॅरिड विथ' हमखास येतं, इंग्रजीला तिथे 'टू' हवा असतो.

माझी एक कोलंबियन सहकारी तर 'गेट' टाळायचीच. ईमेलभर 'ऑब्टेन' नि 'रिसीव्ह'. लॅटिन वळणाचे शब्द म्हणून तिला घरचे वाटायचे, वाचणाऱ्याला मात्र सरकारी नोटीस आल्यासारखं व्हायचं. एकदा दाराची बेल वाजली, मी 'आय विल गेट इट' (म्हणजे दार मी उघडतो) म्हणत उठलो, तर ही विचारते, तुझं पार्सल येणार होतं का? मग तिला आपलं 'लागणे' ऐकवलं: भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, दारसुद्धा लागतं. म्हणाली, राहू दे, 'गेट'च बरं.