लेसर पाच मिनिटांचा, ड्रॉप चार महिन्यांचे: चष्मा घालवायला लांबच्या शहरात जावं काय?

जांबोटीकर
आमच्या शाळेतल्या एका बाईंची मुलगी चष्मा काढायचं म्हणतेय. मला विचारलं, "सर, तुम्ही कुठं केलासा?" मी म्हटलं, कुठंही कर, पण रात्री डोळा दुखला तर जिथं पोचता येईल तिथंच कर. त्यावरनं स्टाफरूममध्ये जुंपली, म्हणून इथं मांडतोय.

माझं असं झालं. नंबर साडेपाच. बुबुळ पातळ, म्हणून लॅसिकसारखा फ्लॅप, म्हणजे बुबुळाचा पापुद्रा कापून उचलणं, नको, पीआरके करू म्हणाले. म्हणजे बुबुळावरचं वरचं पातळ आवरण काढायचं, लेसर मारायचा आणि आवरण परत आपोआप भरून येऊ द्यायचं. ऑपरेशन झालं साडेतीनशे किलोमीटरवर, एका मोठ्या शहरात. लेसरचं काही दुखलं नाही. पुढचे चार दिवस मात्र डोळ्यांत कोणी तिखट टाकल्यासारखं. पाचव्या दिवशी डोळ्यावर बसवलेली संरक्षक लेन्स काढली आणि मी गावी आलो.

खरी गंमत पुढं. स्टिरॉइडचे ड्रॉप महिनाभर दिवसातून चारदा, मग दर महिन्याला एकेक कमी, असं इंग्रजीत लिहिलेलं. पहिल्या महिन्याच्या तपासणीला बोलावलं होतं. नेमकी परीक्षा, किरकोळ रजा (सीएल) संपलेल्या, वर पाऊस. गेलो नाही. "तपासल्यावर कमी करतील" असं समजून अडीच महिने चारदाच घालत बसलो. एक दिवस डोळ्यात कचरा गेला म्हणून बेळगावात दाखवलं, तर स्टिरॉइडनं डोळ्यातला दाब ३०. एकवीसपर्यंत ठीक म्हणतात. आणि पीआरकेनंतर बुबुळ पातळ झाल्यानं यंत्र दाब कमीच दाखवतं, म्हणजे खरा त्याहून जास्त! मला काय कळणार, दाब वाढलेला दुखत नाही की.

निपाणी_माहेर
सर, राग मानू नका, पण ही चूक अंतराची नाही, तुमची आहे. कागदावर महिन्यागणिक लिहिलेलं होतं की नाही? मी सीमेपलीकडं, महाराष्ट्रात कोल्हापूरला जाऊन लॅसिक केलं. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पाचही वेळा गेले. तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवल्या होत्या. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. आमच्यासाठी तुमचं "जवळचं" हे गणितच उलटं आहे.

जांबोटीकर
चूक माझीच, कबूल. पण निपाणीची बाई दोन तासांत जाऊन येते, मी एक फेरी करायची तर दोन दिवस जातात. तेच तर म्हणतोय.

शहापूरचा_चष्मेवाला
वीस वर्षं दुकान चालवतोय, माझा धंदा बुडवणाऱ्या गोष्टीवर बोलतोय हे आधी सांगून टाकतो. माझ्या मते अंतर दुय्यम. आधीची तपासणी कशी झाली ते बघा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स निदान आठवडा-दोन आठवडे बंद ठेवल्याशिवाय बुबुळाचा आकार नीट मोजता येत नाही. किती गिऱ्हाइकं आदल्या रात्रीपर्यंत लेन्स घालून जातात, मी बघतो. टॉपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या आकाराचा नकाशा, काढून बुबुळ शंकूसारखं व्हायला लागलंय का हे बघतात, आणि तसं असलं तर लॅसिक करायचं नाही. जो डॉक्टर "तुम्हाला नको" म्हणतो तो लांबचा असला तरी चालेल. जो आल्या आल्या ॲडव्हान्स मागतो तो शेजारी असला तरी नको.

अनगोळकर
चष्मेवाले बरोबर बोलतायत पण अर्धंच. बेळगावात एकाला विचारलं, बाहेर केलेल्या केसचा फॉलोअप बघाल काय? "ज्यांनी केलंय त्यांच्याकडंच जा" म्हणाले. दुसऱ्याच्या ऑपरेशनची जबाबदारी अंगावर कोण घेणार? म्हणून मी जांबोटीकरांच्या बाजूनं. कापायच्या आधी इथला एक डॉक्टर ठरवा, त्याच्याकडनं तोंडी का होईना हो म्हणून घ्या, मग जा कुठंही.

चिकोडी_गल्ली
आमच्यात बायका आणखी एक हिशेब करतात. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारची शक्ती योजना, बायकांना राज्यातल्या साध्या बसला तिकीट नाही. हुबळीला पाच वेळा जायचं तर बसभाडं शून्य. पुण्याला पाच वेळा? ऑपरेशनच्या पॅकेजात हा खर्च कोणी धरत नाही. फॉलोअप "फुकट" म्हणे. लॉजला, जेवणाला, सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या रोजाला कोण देणार?

निपाणी_माहेर
म्हणजे डोळे बसच्या तिकिटावर ठरवायचे? धन्य.

चिकोडी_गल्ली
ताई, गरिबाचं सगळं तिकिटावरच ठरतं. तुमच्याकडं गाडी असेल.

अनगोळकर
भांडू नका. सर, एक विचारू? आधी फॉर्म भरताना घरात कोणाला काचबिंदू आहे का हे विचारलं नव्हतं काय? स्टिरॉइडनं सगळ्यांचा दाब वाढत नाही, पण घरात काचबिंदू असला तर धोका जास्त.

जांबोटीकर
विचारलं होतं. इंग्रजीत "ग्लॉकोमा". मी "नाही" वर खूण केली. वडिलांना काचबिंदू आहे, वीस वर्षं मीच त्यांच्या डोळ्यांत ड्रॉप घालतोय. ग्लॉकोमा म्हणजेच काचबिंदू हे मला नंतर इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मराठी शाळेचा मास्तर, लाज वाटते सांगायला. फॉर्म कन्नडमध्येही होता म्हणे, तोही मला वाचता आला नसता. तिथं बसलेल्या मुलीनं "सर, इथं सही" एवढंच सांगितलं.

निपाणी_माहेर
हे मात्र त्यांचं चुकलं. माझ्या वेळी बाईनं प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवली होती. तुमचा पहिला मुद्दा मी अजून मानत नाही, पण हा मानते.

शहापूरचा_चष्मेवाला
एक काम सगळ्यांनी करा. ऑपरेशनच्या आधीचं बुबुळाचं माप, जाडी, जुना नंबर, सगळ्याची प्रत घ्या. साठीला मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला हे आकडे लागतात. लेसरनंतर नेहमीचं गणित चुकतं. आणि चाळिशीत जवळचा चष्मा लागणारच, त्याला लॅसिकनं काही फरक पडत नाही. तेव्हा माझं दुकान चालूच राहील.

जांबोटीकर
कागद मागायला फोन केला होता. "सिस्टीम बदलली, जुना डेटा शोधावा लागेल" म्हणाले. तीनदा केला. आता चौथ्यांदा जाऊन समोर उभा राहणार आहे. दाब १८ वर आलाय, ड्रॉप बंद. त्या शाळेतल्या बाई मुलीला घेऊन उद्या घरी येते म्हणाल्यात. तिच्या आजीला काचबिंदू आहे काय, हे पहिलं विचारणार.