मजूर अड्ड्याजवळ कुटुंबांसाठी निवारा हवा की नको?

मुठाकाठी:
डिसेंबर 2024 मध्ये पुण्यातल्या वाघोलीत केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या माणसांच्या अंगावर डंपर गेला. तिघं गेले, त्यातली दोन लहान मुलं. कामासाठी अमरावतीकडून आलेली माणसं होती ती. डंपरचालकावर गुन्हा दाखल झाला, तो व्हायलाच हवा होता. पण लेकरांना घेऊन ती माणसं रस्त्याकडेला का झोपली होती, हा प्रश्न आपण धसाला लावलाच नाही.

दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास आणि बारा महिने उघडा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांवर होती. नंतर महापालिकेत समाविष्ट झालेली गावं सोडून देऊ, जुन्या हद्दीलाच 31 निवारे लागतात. शिवाय निवारा असला तरी पुरुषांची सोय एकीकडे, बायकांची दुसरीकडे. चौदा वर्षांचा मुलगा आईपाशी झोपू शकत नाही. मग कुटुंब उड्डाणपुलाखालीच पाल टाकतं. म्हणून माझी मागणी कुटुंबनिवाऱ्याची आहे, आणि तो मजूर अड्ड्यापासून, म्हणजे सकाळी रोजंदारीचं काम मिळतं त्या चौकापासून, चालत जाण्याच्या अंतरावर हवा. सकाळी आठला अड्ड्यावर नसलं की त्या दिवसाची हजेरी गेली.

वारजेकर काका:
कळकळ पोचली, पण मागणी चुकीच्या दारी आहे. बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा वाचा; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्याच्या कलम 34 प्रमाणे मजुरांना कामाच्या जागेवर किंवा जवळ तात्पुरती घरं फुकट द्यायची जबाबदारी मालकाची होती. स्वयंपाक, अंघोळ, धुणं, शौचालय या सोयींसकट. फ्लॅट विकून पैसा बिल्डरने कमवायचा आणि त्याच्या मजुरांना छप्पर आम्ही करातून द्यायचं? असे निवारे काढलेत तर उद्या एकही बिल्डर साइटवर झोपडी बांधणार नाही.

छाया:
काका, ते कलम मोठ्या साइटवरच्या मजुराच्या कामाचं. अड्ड्यावरच्या बिगाऱ्याचा मालक कोण? आज एका मुकादमाकडे स्लॅब, उद्या दुसऱ्याकडे खोदाई, परवा काहीच नाही. बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याण मंडळात नोंदणी करायची तर वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या ठेकेदाराकडे राबणाऱ्याला तो कोण लिहून देणार?

मी या मुलांना संध्याकाळी शिकवते. शिक्षण हक्क कायद्यामुळे कागद नसले तरी शाळेत नाव घालता येतं, वयाप्रमाणे वर्गही मिळतो. अडतं पुढे. पालं उठवली की बिऱ्हाड दुसऱ्या चौकात जातं आणि शाळा सुटते. हुशार मुलं दोन-दोन वेळा पहिलीत बसलेली मी बघते तेव्हा जीव तुटतो. वर्षभर एका जागी राहायला मिळालं तर ही मुलं वाचायला लागतील, हे मी खात्रीने सांगते.

सोसायटीवाला:
निवाऱ्यासाठी आमच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या शाळेचं नाव घेतलं जातंय, म्हणून स्पष्ट लिहितो. माझा विरोध आहे. आम्हालाच पाणी पुरत नाही. रात्री-अपरात्री येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार? आणि तीन महिन्यांसाठी आलेलं कुटुंब तीन वर्षं राहिलं तर त्याला बाहेर कोण काढणार? आधी या प्रश्नांची उत्तरं द्या.

छाया:
दादा, ती कुटुंबं आत्ताही तुमच्याच चौकात आहेत. फक्त नळ नाही, संडास नाही, नोंदवही नाही. लक्ष ठेवायला निवाऱ्यात निदान काळजीवाहक तरी असेल.

धानोरीची मीनल:
मला तर निवारा हा उपायच पटत नाही. निवाऱ्यांच्या सरकारी योजनेत माणशी 50 चौरस फूट धरले होते. एका हॉलमध्ये दहा कुटुंबं, नवरा-बायकोला बोलायलाही आडोसा नाही. त्यापेक्षा खोलीचं डिपॉझिट आणि पहिल्या काही महिन्यांचं भाडं द्या. माणूस खोली घेतो, पत्ता होतो, पुढचं तो बघतो.

मुठाकाठी:
मीनलताई, जमेल त्या कुटुंबाला खोलीच मिळावी, हे मान्य. पण खोलीमालक आधार मागतो, भाडेकरार मागतो, पोलीस पडताळणी करतो. आणि पारधी कुटुंब म्हटलं की पैसे हातात असूनही दार बंद. पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी पारध्यांवरचा संशय उठलेला नाही. खोली मिळेपर्यंत या माणसांनी कुठे झोपायचं? तेवढ्या काळापुरता तरी निवारा लागेलच. हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र कप्पा करता येतो. मुदतही ठेवू, पण ती शाळेचं वर्ष संपल्यावरच संपावी.

वारजेकर काका:
मुदतीचं पटलं. तरी बिल्डरला मी सोडणार नाही. निवाऱ्यासाठी महापालिकेच्या समाज विकास विभागाला अर्ज देणार असाल तर दुसरा अर्ज कामगार आयुक्तांना द्या: कोणत्या साइटवर मजुरांना राहायला जागा दिली जातेय, याची तपासणी मागा. दोन्ही अर्ज असतील तरच माझी सही.

सोसायटीवाला:
पाण्याचं अजून कोणीच बोललं नाही. टँकर कोणाच्या खर्चाने येणार, हे लेखी आल्याशिवाय आमच्या गल्लीतून संमती मिळणार नाही.