कॉलेजची मैत्रीण आता ऑफिसात माझीच ड्रॉइंग तपासते, मैत्री टिकते का अशाने?

अर्धी_भिंत:
आम्ही दोघी आर्किटेक्चरला पाच वर्षं एकाच बॅचला. सबमिशनच्या आदल्या रात्री तिने माझं मॉडेल चिकटवायचं आणि मी तिच्या शीट रेंडर करायच्या, ज्युरीने एकीला झापलं की दुसरीने बाहेर पाण्याची बाटली घेऊन उभं राहायचं, असं सगळं. नंतर योगायोगाने एकाच ऑफिसात लागलो, त्यालाही आता नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी ती प्रोजेक्ट लीड झाली, म्हणजे माझी ड्रॉइंग तिच्याकडून पास होऊन जातात. परवा क्लायंट मीटिंगच्या अर्धा तास आधी तिने सगळ्या ज्युनिअर्ससमोर माझ्या जिन्याचं सेक्शन, म्हणजे उभा छेद, उघडून लाल पेनने गोल केला, इथे डोकं आपटणार म्हणे. चूक माझीच होती, मी सेक्शनमध्ये नुसती स्लॅब दाखवलेली, बीम राहून गेला, त्यामुळे डोक्यावर 2.1 मीटरच्या जागी 1.95 च उरत होतं. पण चारचौघात?? तेव्हापासून डबा वेगवेगळा खातोय. मी जास्तच मनाला लावून घेतेय का?

टी_स्क्वेअर:
हो, जास्तच. काँक्रीट पडायच्या आधी सापडलं ना. आमच्याकडे असाच एक बीम साइटवर सापडला होता, तो फोडायला लागला तेव्हा कोण कोणाचा मित्र हे कोणालाच आठवत नव्हतं.

रात्रपाळी:
मला नाही पटत. चूक दाखवावीच, पण अर्धा तास आधी आणि ज्युनिअर्ससमोर नाही. कॉलेजात आपण एकमेकांच्या टेबलावर वाकून "अगं हे काय केलंयस" म्हणायचो ते चालायचं कारण दोघी सारख्याच होतो. आता एकीच्या सहीला वजन आहे, तर तिने आवाज हळू ठेवायला नको?
बाकी टिकते का म्हणशील तर टिकते. आयर्लंडच्या इव्हॉन फॅरेल आणि शेली मॅकनमारा डब्लिनच्या कॉलेजातल्या मैत्रिणी, 1978 ला ऑफिस काढलं, आणि 2020 चं प्रित्झकर, आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस, दोघींना मिळून मिळालं. ऑफिसला नाव कुणा एकीचं नाही, पहिलं ऑफिस ज्या रस्त्यावर होतं त्याचं, ग्राफ्टन. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. स्वित्झर्लंडचे आर्किटेक्ट हर्झोग आणि द म्युरॉन तर शाळेपासूनचे, कॉलेज पण एकच, त्यांचंही ऑफिस 1978 चंच. फक्त ही मंडळी बरोबरीचे पार्टनर, तुमच्यात एक लीड आहे, तिथेच खुपतंय.

टी_स्क्वेअर:
@रात्रपाळी प्रित्झकरवाल्यांचं सोडा हो, इथे डबा वेगळा झालाय 😄 अर्धी_भिंत, तिला सरळ विचार ना, आधी का नाही सांगितलंस म्हणून. बहुतेक दोघी एकमेकींची वाट बघत बसल्या असाल.

रात्रपाळी:
हे बाकी खरं. आणि जमलं तर पुढच्या वेळी तू तिची डोअर-विंडो शेड्यूल, म्हणजे दारं-खिडक्यांच्या मापांच्या याद्या, तपासायला माग. लीडचीही कोणीतरी तपासायला हवीत, एकाच दिशेने लाल पेन चाललं की कुणालाही बोचतं.

अर्धी_भिंत:
विचारलं. तर बाईसाहेबांनी फोनच पुढे केला. आदल्या रात्री साडेअकराला दोन कॉल केलेले मला, माझा फोन सायलेंटवर, आणि सकाळी ते मिस्ड कॉल बघून मी म्हटलं असेल काहीतरी, ऑफिसात भेटेलच. आता काय बोलणार. ज्युनिअर्ससमोरचं मात्र मी बोलून दाखवलं, ती जरा गप्प झाली मग म्हणाली, हो ते चुकलंच.
आत्ता तिच्याच टेबलावर बसून टाइप करतेय. जिना एक पायरी मागे सरकवला की डोक्यावर 150 मिलिमीटर मिळतात, म्हणजे बरोबर 2.1, पण मग लँडिंग 1.5 चं 1.2 होतं. मी म्हणतेय बीम उलटा करून स्लॅबच्या वर घेऊ, ती म्हणतेय स्ट्रक्चरवाला फोनवरच ओरडेल. त्याला फोन कोणी करायचा यावरून भांडण चालू आहे.