मध्ययुगातली युद्धं तलवारीने जिंकली की उपाशी मारून?

खंदकवासी (धागाकर्ता)

मध्ययुगीन युद्धाचा विषय निघाला की चर्चा तलवारीवर सुरू होते आणि तलवारीवरच संपते. कुणाचं पोलाद सरस, लाँगबोचा (इंग्रजांच्या लांब धनुष्याचा) बाण चिलखत फोडायचा की नाही, वगैरे. वाद रंगतो, पण माझ्या मते तो मुद्द्याचा नाही. त्या काळात सगळ्यात जास्त निकाल लावणारं शस्त्र उपासमार हेच होतं. मैदानी लढाई राजे होता होईल तो टाळायचे, कारण एका दुपारीत सगळंच हातचं जायची धास्ती. नेहमीचं युद्ध म्हणजे किल्ल्याला वेढा घालायचा आणि आसपासचा मुलूख बेचिराख करायचा.

उदाहरण म्हणून शातो गयार घ्या. सीन नदीकाठचा हा किल्ला इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने बांधला. १२०३ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने त्याला वेढा दिला. पायथ्याच्या गावातली माणसं जीव मुठीत धरून किल्ल्यात शिरली होती. किल्लेदार रॉजर द लेसीने कोठारातला साठा बघितला आणि लढू न शकणाऱ्यांना बाहेर घालवायला सुरुवात केली. पहिल्या काही जथ्यांना फ्रेंचांनी वाट दिली. मग फिलिपने वाट बंद केली, कारण आतली खाणारी तोंडं कमी होणं त्याच्या तोट्याचं होतं. ती माणसं भर हिवाळ्यात दोन फौजांच्या मधे उघड्यावर अडकली. फिलिपला दया आली तोवर बरीच मेली होती.

यात तलवार कुठे आहे?

शिलेदार

असहमत. तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. गयार भुकेने पडला नाही. फ्रेंचांनी बाहेरच्या बुरुजाखाली सुरुंग खणून तो पाडला, पुढच्या कोटात काही शिपाई खिडकीतून घुसले, शेवटच्या तटालाही सुरुंगानेच खिंडार पडलं. मार्च १२०४ मध्ये शिबंदी शरण आली ती तट फुटल्यावर.

दुसरं, मैदानी लढाया कमी व्हायच्या हे मान्य. पण कमी झाल्या म्हणून त्यांचं वजन कमी होत नाही. १०६६ मध्ये हेस्टिंग्जला नॉर्मंडीच्या विल्यमशी लढताना एका दिवसात इंग्लंडचा राजा मेला आणि राजघराणं बदललं. १३५६ मध्ये पॉयटिएला फ्रान्सचा राजा जॉन इंग्रजांकडून जिवंत पकडला गेला आणि त्याच्या सुटकेची किंमत ठरली ३० लाख एकू (सोन्याची नाणी). कुठल्या वेढ्याने एवढं मिळवलं?

खंदकवासी

गयारचा शेवट सुरुंगाने झाला, बरोबर. पण किल्लेदाराने लोकांना बाहेर का काढलं? शत्रूच्या तलवारीच्या भीतीने नव्हे, कोठाराच्या हिशेबाने. वेढ्यातला प्रत्येक निर्णय तोच हिशेब ठरवत होता.

हेस्टिंग्ज जिंकल्यावरही लंडनने दार उघडलं नाही. विल्यमने शहराभोवतीचा मुलूख जाळत वळसा घातला, तेव्हा कुठे सरदार शरण आले. आणि उत्तर इंग्लंडने मान तुकवावी म्हणून १०६९-७० च्या हिवाळ्यात त्याने धान्य, गुरं, नांगर सगळं नष्ट केलं.

पॉयटिएबद्दल म्हणाल, तर पकडलेल्या राजाचा मुलगा पाचवा चार्ल्स हा धडा शिकला. त्याने मोठी मैदानी लढाई टाळायचंच धोरण ठेवलं आणि गेलेला बहुतेक मुलूख १३८० पर्यंत परत मिळवला.

चौथा_बुरूज

खंदकवासींना +१. आपल्याकडचं देवगिरी विसरू नका. १२९६ मध्ये अलाउद्दीन चालून आला तेव्हा रामदेवरायाने गडावर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, अशी कथा आहे. एवढा अभेद्य गड, आणि घात केला गोण्यांनी.

शिलेदार

ती कथा फिरिश्ता या इतिहासकाराची, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिलेली. आणि सांगायचीच तर पूर्ण सांगा. त्याच कथेत आधी रामदेवरायाचा मुलगा बाहेरून सैन्य घेऊन येतो, मैदानात हरतो, आणि मग गोण्या उघडतात. मैदानात जिंकला असता तर मीठ निघालं काय आणि वाळू निघाली काय!

आता हत्तीन बघा. ४ जुलै ११८७ ला सुलतान सलाउद्दीनने जेरुसलेमच्या ख्रिस्ती (क्रुसेडर) राज्याची फौज मैदानात संपवली. त्या फौजेसाठी किल्ल्याकिल्ल्यांतली शिबंदी उपसून आणली होती. त्यामुळे मागचे किल्ले भराभर पडले आणि २ ऑक्टोबरला खुद्द जेरुसलेम शरण आलं. तीन महिन्यांचा खेळ.

खंदकवासी

हत्तीनचं उदाहरण दिल्याबद्दल आभार. ती फौज भर उन्हाळ्यात पाण्याची जागा सोडून निघाली आणि रात्रभर तहानेने तडफडली. सलाउद्दीनच्या लोकांनी वाळलं गवत पेटवून वर धूर सोडला. तलवार चालली ती अर्धमेल्या माणसांवर.

मोरपिशी

तुम्ही दोघंही राजाच्या तंबूत बसून बोलताय. शेतकऱ्याच्या अंगणातून बघा ना जरा. त्याला तुमचा भूक-तलवार भेद कुठून दिसणार? सप्टेंबरात कोठार जळलं तर माणूस त्या दिवशी मरत नाही. तो बियाणं खाऊन हिवाळा काढतो आणि पुढच्या वर्षी पेरायला काही उरत नाही. अशा मरणाची नोंद कुठल्याच लढाईच्या खात्यावर होत नाही.

आणि तलवारही त्याच्यावरच. १३६१ मध्ये गॉटलंड बेटावर डेन्मार्कच्या राजाची फौज उतरली. व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर बेटावरचे शेतकरी तिला सामोरे गेले. शहराने दरवाजे बंदच ठेवले. तिथल्या सामूहिक कबरींतून अकराशेहून जास्त सांगाडे निघालेत. त्यात पोरसवदा मुलं आहेत, म्हातारे आहेत. कित्येकांच्या पायांवर घाव आहेत, म्हणजे ढालीच्या खाली जो भाग उघडा राहिला त्यावर. पॉयटिएच्या राजासारखी त्यांची खंडणी कुणी भरणार नव्हतं, मग त्यांना जिवंत धरून करायचं काय?

बारूदवाला

धाग्यात तोफ अजून आलीच नाही, कमाल आहे. भूक जिंकायची ती तट शस्त्रांना दाद देत नव्हते म्हणून. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला नॉर्मंडीतलं रूआँ शहर घ्यायला जुलै १४१८ ते जानेवारी १४१९ बसून राहावं लागलं. तिथेही गयारचाच प्रकार, हाकललेले गरीब खंदकात मेले. उलट १४४९-५० मध्ये फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने बरोबर चांगला तोफखाना ठेवला आणि अख्खी नॉर्मंडी वर्षभरात परत घेतली. बरीच गावं तोफा मांडलेल्या बघूनच शरण आली. पुढे १४५३ मध्ये तुर्कांना कॉन्स्टँटिनोपल घ्यायला ५३ दिवस पुरले.

खंदकवासी

पण त्या तोफांचे बैल काय खात होते? हजार घोड्यांच्या फौजेला दिवसाला पाच टन दाणा लागतो, चारा वेगळाच. वेढा घालणाराही उपाशी मरू शकतो, नाहीतर हगवणीने. १४१५ मध्ये आर्फ्लर या फ्रेंच बंदराच्या वेढ्यात हेन्रीच्या फौजेची हगवणीने जी वाताहत झाली, ती फ्रेंचांना करता आली नव्हती.

शिलेदार

आणि तीच रोगट फौज महिन्याभरात अ‍ॅजिनकोर्टच्या मैदानात फ्रेंचांविरुद्ध जिंकली, हे सोयीस्कर गाळलंत. रूआँच्या लोकांनी सहा महिने मदतीची वाट बघितली. सोडवायला कुणी का आलं नाही? कारण अ‍ॅजिनकोर्टच्या चिखलात फ्रान्सचे कितीतरी सेनानी पुरले गेले होते. भूक काम करते, पण तिला काम करू देण्याइतकी दहशत आधी मैदानातच कमवावी लागते.

खंदकवासी

दहशत कसली? बर्गंडीवाले आणि आर्मान्याक हे फ्रान्समधले दोन गट तेव्हा एकमेकांच्या उरावर बसले होते. १४१८ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या रस्त्यांवर फ्रेंचच फ्रेंचांची कत्तल करत होते. अशा वेळी रूआँला सोडवायला जाणार कोण?